साखरदाणीत काय होतं?

डॅनियल हँडलर या अमेरिकी लेखकाने लेमनी स्निकेट या टोपणनावाने मुलांसाठी १३ पुस्तकांची एक मालिका लिहिली: 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स'. पहिली दोन पुस्तकं ३० सप्टेंबर १९९९ रोजी आली, शेवटचं १३ ऑक्टोबर २००६ रोजी. तो दिवस शुक्रवार होता. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात आणि लेखकाला नेमका तोच हवा होता. घर जळून आईवडील गेलेली तीन भावंडं, व्हायोलेट, क्लाउस आणि धाकटी सनी, त्यांच्या इस्टेटीवर टपलेला काउंट ओलाफ, आणि पुढे येणारी व्ही. एफ. डी. नावाची एक गुप्त संघटना, जिच्यात पूर्वी कधीतरी फूट पडली आहे. गोष्ट अशी सुरू होते आणि सहा-सात पुस्तकं होईपर्यंत वाचकाला वाटतं, खरा प्रश्न मुलं वाचतील का एवढाच आहे.

मग साखरदाणी येते. आठव्या पुस्तकात निवेदक ओघात स्वतःलाच विचारतो, की एस्मे स्क्वॉलर या बाईची साखरदाणी चोरणं खरंच गरजेचं होतं का. चोरी कशासाठी, ते सांगत नाही. दहाव्या पुस्तकात कळतं की डोंगरातलं संघटनेचं ठाणं जळत असताना कुणीतरी ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालच्या ओढ्यात फेकली. अकराव्यात भावंडं पाणबुडीतून, प्रवाहाचे आणि भरतीचे हिशेब मांडत तिचा माग काढतात. ती सापडत नाही. बाराव्यात तिला म्हणे कावळे घेऊन येणार आहेत आणि ती एका हॉटेलाच्या धोबीखान्यात पडणार आहे. धोबीखान्यात ती नसतेच. हॉटेलासमोरच्या तळ्यात पडली असावी, एवढं सूचित होतं. तेराव्या पुस्तकात मुलं एका बेटावर पोचतात, मालिका संपते. साखरदाणीत काय होतं, हे लेखकाने पुस्तकांत कुठेही सांगितलेलं नाही.

जगभरच्या वाचकांनी त्या एका भांड्यावर रचलेले तर्क या संग्रहात मराठीत एकत्र आले आहेत, आणि त्यांच्याशी भांडणारे लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या वाचकांचे तर्कही. प्रस्तावना लिहिणाऱ्याचं काम वाट दाखवण्याचं असतं, तेवढं करतो.

आधी एक अडचण सांगायला हवी. औशात चहा साखर घालूनच येतो. पाहुण्यासमोर बिनसाखरेचा कप आणि शेजारी साखरेचं वेगळं भांडं ठेवणं म्हणजे घरात मधुमेही असल्याची जाहिरात. साखर असते डब्यात, डबा असतो फळीवर. चहाच्या सेटमधली साखरदाणी अनेकांनी सिनेमात नाहीतर सरकारी विश्रामगृहात पाहिलेली. ऊस पिकवणाऱ्या, साखर कारखाना असलेल्या तालुक्यातल्या मुलांना साखरेचं भांडंच परकं, ही गंमत मला पुष्कळ दिवस पुरली. पण अडचणीचा फायदाही झाला. इंग्रज वाचकाला साखरदाणी इतकी ओळखीची, की तो तडक आत काय आहे याकडे वळतो. इथल्या वाचकांनी आधी भांड्याचाच विचार केला. टेबलावर चारचौघांत उघडी ठेवायची वस्तू गुप्त गोष्ट लपवायला का निवडावी? चहा कडूच प्यावा असा आग्रह धरणारी माणसं या मालिकेत आहेत. मग साखरदाणीला हात कोण लावणार? आणि ज्या भांड्याला कुणी हात लावत नाही, ते लपवायला सगळ्यात सुरक्षित नाही का? हा शेवटचा तर्क तिकडच्या वाचकांनाही सुचला आहे. फक्त ते शेवटी तिथे पोचले, इथली मंडळी तिथून निघाली.

अर्थ न सांगितलेल्या वस्तूवर डोकं चालवण्याचा हा उद्योग इंटरनेटने जन्माला घातला, असा समज आहे. तो खरा नाही. गणेश चतुर्थीला स्यमंतक मण्याची कथा ऐकून वाढलेल्या कुणालाही विचारा. कृष्णावर चोरीचा आळ आला, मणी जांबवंताकडून परत मिळाला, आळ गेला. पुढे तो मणी कुठे गेला? लोकांनी आपल्या मनाने उत्तर देऊन टाकलं: तोच कोहिनूर. याला पुरावा काडीचा नाही. पण एखादी वस्तू कथेत झळकून नाहीशी झाली की माणसाला चैन पडत नाही, तो तिला समोरच्या जगातल्या एखाद्या वस्तूशी नेऊन जोडतो. या क्षेत्रातला हा सर्वात जुना आणि सर्वात कच्चा पंथ. साखरदाणीच्या चाहत्यांतही तो आहे.

परिसा भागवतांच्या परिसाची कथा याहून पुढची. नामदेवांनी तो परीस चंद्रभागेत टाकला, आणि भागवतांनी तो परत मागितला तेव्हा वाळवंटातून ओंजळभर खडे काढून दिले. ते सगळेच परीस निघाले. नामदेव आमच्याच भागातल्या, हिंगोलीतल्या नरसीचे मानले जातात, त्यामुळे ही कथा इथे कीर्तनात नेहमी येते. दहाव्या पुस्तकात साखरदाणी ओढ्यात पडते, त्या जागी आपल्याकडच्या वाचकाला चंद्रभागा आठवली नाही तरच नवल. मात्र दोन्हींत फरक आहे. कीर्तनात वस्तू पाण्यात पडली की तिचं मोल संपतं. स्निकेटच्या जगात ती पाण्यात पडल्यावरच तिच्यामागे माणसं मरायला लागतात.

आणि वेताळ. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून निघू लागला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार घेतलेला विक्रम शंकर या चित्रकाराने काढला आणि तो दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसला. पण मूळ कथा सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त आहे, आणि तिथला राजा त्रिविक्रमसेन गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. एक भिक्षू रोज त्याला एक फळ आणून देतो. राजा ते न बघता कोठाराधिकाऱ्याकडे देतो. दहा वर्षं हे चालतं. एक दिवस माकड फळ फोडतं आणि आतून रत्न पडतं. आत काहीतरी आहे, पण ते पाहायला कुणाला सुचलेलं नाही: रहस्यवस्तूची याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. पुढे वेताळ एकामागून एक कोडी घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. हा फेरा थांबतो तो शेवटच्या कोड्याला, एका विलक्षण नात्यागोत्याच्या प्रश्नाला, ज्याचं उत्तर राजाला खरोखरच येत नाही. तो गप्प राहतो, आणि वेताळ प्रसन्न होतो. ज्याला उत्तर नाही असा प्रश्न आपल्या कथापरंपरेत हरण्याची खूण नव्हता, हे लक्षात ठेवून हा संग्रह उघडावा.

कारण संग्रह निघतो आहे लातूर जिल्ह्यात. 'लातूर पॅटर्न' हे शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांपासून सुरू झालेल्या त्या शिस्तीने कोरडवाहू शेतकऱ्यांची मुलं डॉक्टर-इंजिनीअर झाली. त्याबद्दल नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण त्या शिस्तीचा एक संस्कार मुलांच्या डोक्यात पक्का बसतो: प्रश्न असला की चार पर्याय असतात, त्यातला एक बरोबर असतो, आणि संध्याकाळपर्यंत क्लासवाले उत्तरसूची लावतात. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. साखरदाणीपाशी असा मुलगा आला की पहिला प्रश्न असतो, "सर, आन्सर की कुठाय?" नाही म्हटलं की दुसरा, "मग कशाला सोडवायचं?" हा दुसरा प्रश्न चांगला आहे. त्याला या संग्रहाच्या संपादकांनी दिलेलं उत्तर मला पटतं. इथेही गुण वजा होतात. तुमच्या तर्काला मालिकेतलं एक वाक्य आडवं आलं की तर्क घटला. फक्त शंभर टक्के कुणालाच मिळत नाहीत.

अशा शिस्तीने तर्क करण्याचा पश्चिमेतला गाजलेला दाखला १९११ चा. पुढे पाद्री झालेल्या रोनाल्ड नॉक्स या तरुणाने ऑक्सफर्डमध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलचे पंडित ज्या पद्धतीने संहितेतल्या विसंगती तपासतात, अगदी तीच पद्धत त्याने गमतीने वॉटसनच्या लेखनाला लावली. वॉटसनची अफगाण युद्धातली जखम एका कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. साधा वाचक म्हणेल, कॉनन डॉयल विसरला. खेळाचा नियम असा, की लेखक विसरला हे उत्तर चालणार नाही. कथेच्या आतच कारण शोधायचं. त्यातून होम्सच्या चाहत्यांची सगळी विद्वत्ता उभी राहिली. आपल्याकडे या प्रकाराला जोड शोधायला लांब जायला नको. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये विदुर हाच युधिष्ठिराचा जन्मदाता असावा असा तर्क मांडला. विदुर हा शापाने जन्मलेला धर्म, युधिष्ठिर धर्माचा मुलगा. दिराकडून संतती मिळवण्याची रीत त्या घराण्याला परकी नव्हती. आणि शेवटी वनात विदुर देह ठेवतो तो युधिष्ठिराच्या शरीरात शिरून. धागे सगळे महाभारतातलेच, जोडणी बाईंची. 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याला कुणी चाहत्याची कल्पना म्हणत नाही. पण रीत तीच आहे, आणि इतक्या काटेकोरपणे ती वापरणारं मराठीत फार थोडं आहे. या संग्रहातल्या मुलांना मी आधी तो लेख वाचायला सांगितला होता. निम्म्यांनी वाचला.

बालवाङ्मयात ही रीत शिगेला पोचली ती हॅरी पॉटरच्या काळात. पाचव्या भागात, २००३ मध्ये, एका जुन्या घराची साफसफाई चालू असताना एक जड लॉकेट सापडतं, ते कुणालाच उघडता येत नाही, आणि बाकीच्या अडगळीबरोबर विसरलं जातं. २००५ मध्ये सहाव्या भागात एका नकली लॉकेटातल्या चिठ्ठीखाली आर. ए. बी. अशी सही आली आणि वाचक मागे पळाले. आर. ए. बी. म्हणजे रेग्युलस ब्लॅक, आणि खरं लॉकेट म्हणजे ते अडगळीतलंच, असा तर्क सातवा भाग येण्याआधीच जवळपास ठरून गेला होता. त्यात भाषांतरांनी चहाडी केली. डच आवृत्तीत ब्लॅक घराण्याचं नाव वेगळं असल्याने सही आर. ए. झेड. झाली, नॉर्वेजियनमध्ये आर. ए. एस.; म्हणजे शेवटचं अक्षर त्याच आडनावाचं. २१ जुलै २००७ ला सातव्या भागाने शिक्कामोर्तब केलं. मंजुषा आमडेकरांच्या अनुवादामुळे हॅरी मराठीतही वाचता येतो, आणि औशातली बरीच मुलं या वाटेनेच साखरदाणीपाशी आली. ती उत्तराची सवय घेऊन आली, हे मात्र खरं. हॅरीच्या लेखिका रोलिंगबाई उत्तरं देतात. पुस्तकांत दिली नाहीत ती मुलाखतींतून देतात. बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांवर पोसलेला आमच्या आधीचा मराठी वाचकही याच सवयीचा: शेवटच्या पानांत त्यांचा नायक झुंजार याने सगळं उलगडलंच पाहिजे. स्निकेटने ते पान फाडून टाकलं.

आता साखरदाणीचे पंथ. संग्रहात ते विस्ताराने आहेत, मी ओळख तेवढी करून देतो.

सर्वात भक्कम पंथ औषधवाल्यांचा. अकराव्या पुस्तकात एक जीवघेणी बुरशी येते, मेड्युसॉइड मायसिलियम. तिचे बीजाणू श्वासातून गेले की तासाभरात माणूस गुदमरतो. तिच्यावर उतारा हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाचा. तेराव्या पुस्तकातल्या बेटावर सफरचंदाचं एक झाड आहे, ज्याचा या मुळाशी संकर केलेला आहे, आणि तो मुलांच्या आईवडिलांनी केलेला आहे. मग असाच संकर आधी कुणी उसाशी किंवा बीटशी केला असेल तर? उतारा साखरेच्या रूपात, साखरेच्याच भांड्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर. या तर्काची ताकद अशी की तो मालिकेतले तीन सुटे धागे एका गाठीत आणतो. दुबळी बाजू अशी की हॉर्सरॅडिश बाजारात मिळतं. सनीचा जीव तर त्याच्या जागी चालणाऱ्या वासाबीनेच वाचला. भाजीवाल्याकडे मिळणाऱ्या वस्तूसाठी एवढी माणसं जीव का देतील? औषधवाल्यांचं म्हणणं, उतारा नव्हे, आधीच घ्यायची लस. हा बचाव मला हुशार वाटतो, पण जरा जास्तच वेळेवर आलेला.

दुसरा पंथ पुराव्यावाल्यांचा. बाराव्या पुस्तकात जिथे न्यायालय भरणार आहे त्याच हॉटेलात साखरदाणी आणण्याची धडपड चालते. म्हणजे आत कागद असावा, कुणाला तरी निर्दोष किंवा दोषी ठरवणारा. औशात हा पंथ फार लोकप्रिय आहे. कारण उघड आहे: सातबारा, फेरफार आणि तहसिलातली गहाळ फाईल यांवर आयुष्यं अडलेली ज्यांनी घरात पाहिली, त्यांना एका कागदासाठी माणसं कुठवर जातात हे सांगावं लागत नाही. हा पुरावा मालिकेतला नाही, वाचकाच्या आयुष्यातला आहे, म्हणून संपादकांनी तो बाजूला ठेवला. मी असतो तर ठेवला नसता.

भांडेवाल्यांचं म्हणणं वर आलंच आहे: आतलं जाऊ द्या, भांडंच महत्त्वाचं. एस्मे ही फॅशनवेडी बाई, तिच्या सेटमधली एक वस्तू गेली आणि सेट मोडला. तिच्या थयथयाटाला एवढं कारण पुरतं. याखेरीज बारीक पंथ पुष्कळ आहेत. २०१२ ते २०१५ मध्ये आलेल्या 'ऑल द राँग क्वेश्चन्स' या पूर्वकथेतल्या एका विचित्र मूर्तीशी साखरदाणी जोडणारे आहेत, आत फक्त साखर होती म्हणणारे आहेत.

रिकामेवाल्यांवर मात्र थांबायला हवं, कारण शहाणे वाचक बहुधा तिकडेच जाऊन बसतात. लेखकाला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं, साखरदाणी हे गोष्ट पुढे पळवण्याचं निमित्त आहे, तर्क करणारे भोळे. हे बोलायला सोपं आणि बोलणाऱ्याला मोठं करणारं. पण त्याने एकही वाक्य उलगडत नाही. लेखकाच्या मनात काय होतं हा एक प्रश्न, आणि या तेरा पुस्तकांत ती वस्तू कशी वागते हा दुसरा. लेखकाच्या मनात ती रिकामी असली, तरी पुस्तकांत सगळे तिच्याशी भरलेलं भांडं असल्यासारखेच वागतात. त्यांना एकाच वेळी वेड लागलं असं म्हणायचं असेल तर तेही सिद्ध करा. बोधकथेच्या शेवटी तात्पर्य शोधायची सवय झालेले आपण, तात्पर्य सापडलं नाही की गोष्टच पोकळ होती म्हणून मोकळे होतो. रिकामेपणाचा सिद्धान्त त्याच सवयीचा शहरी अवतार आहे.

पडद्याने या वादात गोंधळ घातला. जिम कॅरीच्या २००४ च्या चित्रपटाने साखरदाणीचं नाव न घेता एक दुर्बीण पुढे आणली, जी पुस्तकांत नाहीच. नेटफ्लिक्सच्या मालिकेने १ जानेवारी २०१९ रोजी शेवटच्या भागांत सरळ सांगून टाकलं: आत साखरच होती, पण त्या बुरशीपासून संरक्षण देणाऱ्या संकरित वनस्पतीची. औषधवाल्यांनी पेढे वाटले. बाकीचे म्हणाले, मालिका वेगळी, पुस्तक वेगळं. या मालिकेच्या पटकथालेखनात हँडलरचाही हात होता, म्हणून ते उत्तर अधिकृत मानावं का? आपल्याकडे रामानंद सागरांच्या रामायणात दिसलं म्हणून वाल्मीकीत आहे, असं म्हणणारे भेटतातच. संपादकांनी पडद्यावरचं उत्तर साक्षीदार म्हणून घेतलं आहे, निकाल म्हणून नाही. हेच योग्य.

हे सगळं आज छापण्याचं कारण. मुलाच्या हातातला फोन आता कुठल्याही प्रश्नाला दोन सेकंदांत ठाम उत्तर देतो. साखरदाणीत काय होतं हेही सांगतो, आणि बहुतेक वेळा नेटफ्लिक्सचं उत्तर पुस्तकाचं म्हणून सांगतो. दुसऱ्या बाजूला गावाच्या ग्रुपवर येणारे निरोप: भुईकोटाच्या अमुक बुरुजाखालून भुयार निघतं, तमुक ठिकाणी हंडा आहे. दोन्हींत एक गोष्ट सारखीच, हे कशावरून म्हणता असं विचारायची सोय नाही. औशाच्या किल्ल्यात खेळत मोठी झालेली मुलं भुयारांच्या गप्पा मारतच राहणार, माराव्यात त्यांनी. पण साखरदाणीवर वर्षभर भांडलेली मुलं आता भुयार सांगणाऱ्यालाही विचारतात, "कुठल्या पानावर?" किल्ल्याला पान नसतं, तरी प्रश्न बरोबर आहे.

संग्रहाची मांडणी आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांची आहे: पूर्वपक्ष, आक्षेप, उत्तरपक्ष. प्रत्येक तर्काखाली तो कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या प्रसंगावर उभा आहे ते दिलं आहे, आणि मग विरोधकाला पूर्ण बोलू दिलं आहे. मूळ मालिका न वाचलेल्यालाही वाद समजेल इतकं कथानक ओघात येतं, मात्र शेवट फुटतो. ज्याला मालिका वाचायची आहे त्याने आधी ती वाचावी. काही उणिवाही आहेत. मुलींचे तर्क कमी आले आहेत, कारण वाचनाला जमायची वेळ संध्याकाळची होती. एस्मेच्या बाजूने एकही लेख नाही, हे मला फार खटकलं. पुस्तकांत सगळे तिला खलनायिका म्हणतात, पण चोरी तिची झाली होती आणि ती आपलंच भांडं परत मागत होती. तिची फिर्याद घेणारं कुणीतरी दुसऱ्या आवृत्तीत हवं, आणि तोवर संपादकांनी नवे तर्क मागवणं चालू ठेवलं आहे, अट एकच, पुस्तक आणि प्रकरण लिहून पाठवावं.